चोळण्याचं माप

उभ्या मुंबईत माणसाला कमरेखालून ओळखणारा एकच माणूस मी बघितला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. तुमचं नाव, गाव, तोंडवळा यातलं काहीएक त्यांच्या लक्षात राहायचं नाही. रस्त्यात रामराम घातलात तर ते तुमच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. मान खाली, नजर गुडघ्यांवर, आणि मग एकदम, "अरे, हा तर डावी टाच घासणारा! बरा आहेस ना रे?" माझं लग्न ठरत होतं तेव्हा हिच्याकडची पाच माणसं मला बघायला आली. बाकीच्यांनी विचारलं, कुठल्या गिरणीत आहेस, दारू पितोस का, गावाकडे भाताचे वाफे किती. मामांनी काही विचारलं नाही. बाजारात बैलाला फिरवतात तशा मला खोलीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "गुडघे बाहेर जातात, पण माणूस पडायचा नाही. द्या मुलगी." तेवढ्यावर लग्न ठरलं. आता वाटतं, मामांचा अंदाज त्या एका बाबतीत चुकला. पण ते पुढं सांगतो.

मामा म्हणजे हिचे सख्खे मामा नव्हेत. ते जातीचे शिंपी आणि आम्ही मराठे. पण हिच्या आईच्या गावचे, आणि आमच्या कोकणात आईच्या गावचा कुत्राही मामा लागतो. म्हणून हिचे मामा, म्हणून माझेही मामा, आणि पुढं पुढं आमच्या लालबागच्या चाळीतल्या सगळ्यांचेच मामा. मी काही शिकलेला माणूस नाही. गिरणीतल्या एका कारकुनानं दुपारच्या सुट्टीत मला अक्षरं शिकवली, तेवढ्यावर हे लिहितो आहे. ही गेल्याला दुसरं वर्ष चालू आहे. दिवस सरत नाही. हिच्याबद्दल लिहायला बसतो तर हात चालत नाही, म्हणून मामांबद्दल लिहितो.

मामांचं दुकान गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली होतं. दुकान म्हणजे काय, एक चटई, एक इस्त्री आणि मामा. उभं राहायला जागा नव्हती, त्यामुळे मामांना उभं राहिलेलं फार लोकांनी बघितलेलं नाही. समोर जिन्याच्या उघड्या फळ्या. दिवसभर माणसं चढणार, उतरणार, आणि मामांना दिसणार ते फक्त त्यांचे पाय. जन्मभर जो माणूस जिन्याखाली बसला, त्याच्या डोक्यात पायांशिवाय दुसरं काय शिरणार? कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणाला नोकरी लागलीय, कोण कर्जात आहे, सगळं ते पावलांवरून सांगायचे. वरच्या मजल्यावर एक वकील राहायचे. सुधारक होते. बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं पाहिजे, असं ते चाळीच्या गच्चीत भाषण द्यायचे. एक दिवस मामांनी त्यांना खालूनच अडवलं. "वकीलसाहेब, पुस्तक मागाहून द्या, आधी बायकांना चोळणा द्या. तुमच्यापासून सुरुवात करू. मंडळींचं माप आणता का?" वकीलसाहेब लालबुंद झाले. त्या दिवसापासून ते जिना उतरताना पाय न वाजवता, मांजरासारखे उतरायचे. मामा दोरा दातात धरून म्हणायचे, "सुधारक चालले."

चोळणा म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगायला पाहिजे. गुडघ्यापर्यंतची, घेरदार, ढगळ विजार. कमरेला नाडी. पूर्वी घोडेस्वार घालायचे. मामांचा चोळण्यावर एवढा जीव, की जगातल्या सगळ्या गोष्टी ते शेवटी चोळण्यावर आणून बांधायचे. पेशवाई कशी बुडाली हे मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं असेल. मराठे जोवर ढगळ चोळणा घालत होते तोवर अटकेपार गेले. पुढं कुणीतरी शहाण्यानं उत्तरेतून घोट्यापर्यंतच्या तंग सुरवारी आणल्या. त्या घालून रिकिबीत पाय टाकला की मागून टर्र! "अहो जावई, फाटलेल्या विजारीनं माणूस लढणार का पळणार? मागं हात धरून पळणार! आणि एका हातानं राज्य सांभाळता येतं होय?" मी म्हणायचो, "मामा, हे कुठल्या बखरीत आहे?" तर म्हणायचे, "बखरी लिहिणारे धोतरं नेसायचे, त्यांना काय कळतंय?"

आणि त्यांचं दुसरं म्हणणं असं, की हा चोळणा मूळचा बायकांचा आणि पोरांचा. पुरुषांनी तो लढाईसाठी उसना नेला आणि परत दिला नाही. याला पुरावा काय, तर त्यांची पत्र्याची पेटी. त्या पेटीत मामांनी जगातल्या विजारी जमवल्या होत्या. पारशिणीची इजार होती, बोहरी मुलीची रेशमी सुरवार होती, गोव्याच्या एका आचाऱ्याच्या पोराची गुडघ्यावर बटणं असलेली तुमान होती, पंजाबातून आलेल्या कुणा हवालदाराच्या बायकोची सलवार होती. प्रत्येक विजार एका बाजूनं उसवलेली. आतून कशी कापलीय हे बघितल्याशिवाय मामांना झोप यायची नाही. माणूस आवडला तर तो आपल्या घरी जेवायला बोलावतो, मामांना विजार आवडली की ते तिच्या मालकाच्या मागं लागायचे. एकदा ठाकूरद्वाराशी एक पठाण दिसला. मामा जिन्याखालून उठले, हेच मोठं नवल, आणि त्याच्या मागून चालायला लागले. शेवटी धीर करून म्हणाले, "खान, सुरवार जरा खोलके दिखाव." पठाणानं त्यांना पार चौपाटीपर्यंत पळवत नेलं. मामा धापा टाकत परत आले तेव्हा मी दुकानात बसलो होतो. म्हटलं, "मामा, लागलं काय?" म्हणाले, "नाही हो. पळताना तीनदा मागं वळून बघितलं. घेर सोळा विती तरी असणार."

त्यांच्या पेटीतला मोठा मानकरी म्हणजे मडमेचा चोळणा. एका साहेबाचा बटलर तो शिवायला घेऊन आला. ती मडम सकाळी समुद्राच्या कडेनं पायगाडी फिरवायची आणि पायगाडीच्या दातेरी चाकात तिचा चोळणा अडकून फाटला होता. मामांनी तो उलगडला आणि चटईवर पसरून शिवण चाचपत बसले. गुडघ्यापर्यंत ढगळ, खाली चुणीदार, कमरेला पट्टी. दोन टाक्यांचं काम, पण मामांनी तो चोळणा आठ दिवस परत दिला नाही. जिन्याच्या कठड्याला टांगून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "बघा, आपलाच चोळणा! विलायतेला गेला, चुण्या पाडून आला!" चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून जिना चढायच्या. बटलर चौथ्यांदा आला तेव्हा रडायच्या बेतात होता. मामांनी मडमेला तिचा चोळणा दिला आणि स्वतःसाठी हुबेहूब दुसरा शिवून पेटीत ठेवला. एवढं सगळं करून हा माणूस स्वतः मात्र जन्मभर पंचा नेसला. मी विचारलं तर म्हणाले, "स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, जावई. वाकलं की माप बदलतं."

माप म्हणजे मामांचा देव. पण त्यांना फीत चालायची नाही, कारण आकडे यायचे नाहीत. मामा सुतळीनं माप घ्यायचे. कमरेला एक गाठ, बैठकीला एक, मांडीला एक, गुडघ्याला एक. चार गाठींत माणूस. सुतळीच्या टोकाला त्या माणसाच्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची, म्हणजे ओळख. जिन्याच्या खालच्या बाजूला ओळीनं खिळे होते आणि त्यांवर असे शेकडो दोरे लोंबत असायचे. परक्या बाईला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून बाईचं माप नवऱ्यानं किंवा भावानं घ्यायचं आणि दोरा आणून द्यायचा. मामा डोळे मिटून दोरा बोटांतून सोडायचे आणि सांगायचे, "बाळंतीण आहे," नाहीतर, "हिला जेवायला घालत नाहीत काय रे?" आणि माणूस मेल्याचं कळलं की मामा आंघोळ करून यायचे, त्याचा दोरा खिळ्यावरून काढायचे, चारही गाठी नखांनी सोडायचे आणि दोरा पुन्हा कोऱ्या दोऱ्यांत टाकायचे. गाठी ठेवल्या तर जीव अडकतो म्हणे. मला हा त्यांचा वेडेपणाच वाटायचा. मी हसायचो.

आता हिचं. ही रिळाच्या खात्यात होती. तिथं बायका सुताच्या लडी करतात, आणि सूत तुटलं की क्षणात गाठ मारून जोडतात. दिवसभर उभं राहायचं, डोक्यावर फिरते पट्टे, बाजूला चाकं. हिच्या शेजारी एक बाई होती, साताऱ्याकडची, धडधाकट. एक दिवस तिचा पदर पट्ट्यात गेला. बाई वाचली. पट्ट्यानं तिला ओढलं नाही, लुगडं ओढलं. नऊवार लुगडं कासोट्यासकट डोळ्याचं पातं लवायच्या आत चाकाला गुंडाळलं गेलं आणि बाई भर खात्यात, पुरुषांच्या देखत, होती तशी उभी राहिली. बाकीच्या बायकांनी तिच्याभोवती कडं केलं. कुणीतरी गोणपाट आणून दिला. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही, तिसऱ्या दिवशी कळलं की गावाला गेली. ती परत मुंबईला आलीच नाही. हे सगळं हिनं मला भाकऱ्या थापता थापता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "हात गेला असता तर ती चार दिवसांनी परत आली असती हो."

त्या दिवसापासून ही बदलली. पदर एवढा आवळून खोचायची की श्वास घ्यायला जड जायचं. पट्ट्याखालून जाताना अंग चोरायची.  एका रविवारी आम्ही गिरगावात गेलो होतो, तेव्हा हिनं मामांना सगळं सांगितलं. मामांनी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाले, "बाय, चोळणा शिवतो. लुगड्याच्या आतून घाल. लुगडं गेलं तर जाऊ दे मसणात, माणूस झाकलेला राहील."

ही म्हणाली, "कासोटा असतो की मामा."

"कासोटा खोचलेला असतो, चोळणा शिवलेला. खोचलेलं सुटतं, बायो."

हिनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "माझ्या बायकोला तुमान? उद्या मिशा पण लावा. चाळीत लोक मला काय म्हणतील?" मामा माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले. ही उठली, मामांच्या पाया पडली आणि माझ्या पुढं चालायला लागली. एरवी ती मागून चालायची.

महिनाभर घरात विषय निघाला नाही. मग एक दिवस कामावरून आली, ताट वाढलं आणि म्हणाली, "एक विचारते. तुमची लाज मोठी का माझी?"  दुसऱ्या दिवशी मी मामांकडून सुतळी घेऊन आलो.

पण माप घ्यायचं कुठं? आमच्या एका खोलीत सात माणसं. मी, ही, माझा भाऊ, त्याची बायको आणि गावचे तीन गडी. ही जेवण करताना, झाडताना, झोपताना मी सुतळी मुठीत धरून हिंडत राहिलो. भावजय म्हणाली, "भावजी, गाय बांधायची आहे काय?" शेवटी मी काय केलं, तर गिरणीच्या नळाशी जाऊन स्वतःचंच माप घेतलं. स्वतःच्या कमरेला, मांडीला, गुडघ्याला सुतळी लावली आणि बाई म्हणून सगळीकडे चार चार बोटं कमी केली. सव्वीस वर्षांचा संसार. म्हटलं, माझीच बायको आहे, अंदाज कळणार नाही होय?

मामांनी दोरा बोटांतून सोडला, पुन्हा सोडला. "जावई, ही बाई आहे का जात्याचा खुंटा?"

"माप घेतलंय मामा."

"तुम्ही घेतलंत?"

"मी घेतलं."

नवऱ्याचा शब्द. मामा पुढं काय बोलणार? गादीचं निळ्या पट्ट्यांचं जाड कापड आणलं आणि चोळणा शिवला. हातानं. यंत्राचा एक टाका सुटला की बाकीचे त्याच्या मागून जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात कुणी नव्हतं तेव्हा हिनं तो घातला, नाडी बांधली, आणि एक पाऊल टाकलं तर चोळणा जमिनीवर. पुन्हा वर ओढला, हातानं धरला, तर पाय घोट्यापर्यंत लांब आणि कमरेत आणखी एक बाई मावेल. ही हसायला लागली. किती वर्षांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. हसता हसता खोकला आला. त्या दिवसांत खोकला असायचाच तिला, रिळाच्या खात्यात सगळ्यांनाच असतो, छातीत कापूस जातो. खोकला थांबला तशी ती चोळणा हातात धरून खाली बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही मला कधी बघितलंच नाहीत."

रागानं म्हणाली असती तर मी उलटून बोललो असतो. तसं म्हणाली नाही. वेळ झाली की भोंगा होतो, तसं म्हणाली. मामांनी न पडणारा म्हणून पसंत केलेला माणूस तिथं पडला.

मी म्हटलं, मामांकडे जाऊन नीट करून आणतो. ती म्हणाली, "राहू दे, खोट्या मापाचं त्यांना दाखवू नका, जीव जाईल त्यांचा." आणि तिनं काय करावं? चोळणा उसवला आणि त्यातून चाळीतल्या पोरांसाठी तीन चड्ड्या शिवल्या. आमच्या चाळीतली पोरं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत कंबरेच्या करगोट्यावर हिंडायची. त्यांना चड्डी म्हणजे काय ठाऊक? एकानं डोक्यात घातली. एकाला ती एवढी आवडली की तो काढायलाच तयार होईना, मुतायलासुद्धा. त्याच्या आईनं हिला शिव्या दिल्या. पण महिन्याभरात दुसऱ्या बायका आपापल्या घरची जुनी गादी फाडून हिच्याकडे यायला लागल्या. रविवारी मामा आले तर ओटीवर डझनभर पोरं निळ्या पट्ट्यांच्या चड्ड्या घालून खेळत होती. मामा तिथंच बसले. प्रत्येक पोराला जवळ घेऊन त्याची शिवण बघितली. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "राज्य परत आलं." आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी ते कापड बोटांत धरलं, ओळखलं, आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.  दुकानात गेल्यावर त्यांनी माझा तो खोटा दोरा इस्त्रीच्या निखाऱ्यात टाकला, असं मला नंतर कळलं.

खोकला वाढत गेला. हिनं कामावर जाणं सोडलं नाही, मग कामानंच हिला सोडलं. एके दिवशी खात्यातल्या बायकांनी धरून घरी आणलं, ती पुन्हा गेली नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या एक दिवस म्हणाली, "बरी झाले की जाईन. पण पट्ट्यांची भीती वाटते. चोळणा असता तर बरं होतं." मी उठलो. भावाला, भावजयीला, गड्यांना, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. भाऊ म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "बायकोचं माप घ्यायचं आहे." मोठ्यानं म्हणालो. गॅलरीत सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

कमरेला सुतळी लावली आणि माझा हात थांबला. एवढीशी झाली होती ती. मी कमरेची गाठ मारली, बैठकीची मारली, मांडीची मारली. गुडघ्यापाशी आलो, सुतळी दोनदा गुंडाळली. गाठ बसेना. ती म्हणाली, "द्या इकडं," आणि स्वतः मारली. रिळाच्या खात्यातली गाठ, डोळ्याचं पातं लवायच्या आत. म्हणाली, "एवढं पण येत नाही तुम्हाला." आणि हसली.

मामांनी दोरा बोटांतून सोडला.  पुन्हा सोडला. मग विचारलं, "जावई, एकदा मी तुमच्यावर फसलोय. हे माप खरं?"

"खरं, मामा."

"नक्की?"

"ही शेवटची गाठ तिनं मारलीय."

मामांनी त्या गाठीवर अंगठा ठेवला आणि किती वेळ तो तिथंच ठेवला. दोन दिवसांत ते चोळणा घेऊन स्वतः लालबागला आले, म्हातारा माणूस, गिरगावातून चालत. मऊ मांजरपाटाचा, पांढरा. कमरेला आतून कापडाचे पाच दाब घातले होते. म्हणाले, "बाय, अंग भरलं की एकेक दाब सोडायचा. पाच दाब आहेत, पुष्कळ वर्षं पुरेल." हिनं तो घातला आणि भिंतीला धरून गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. चाळ बघत होती. कुणी हसलं नाही. परत आली आणि म्हणाली, "पाय मोकळे वाटतात हो."

अठरा दिवस घातला तिनं. एकही दाब सोडायची वेळ आली नाही.

गेली तेव्हा बायका तिला हिरवं लुगडं नेसवायला आल्या. अहेवपणी गेली, भाग्याची, असं म्हणत होत्या. चोळणा उतरवायला लागल्या तेव्हा मी आत गेलो. म्हणालो, "तो राहू द्या. लुगडं वरून नेसवा." चाळीतली एक म्हातारी, सगळ्यांची तेराव्याची कामं तीच बघायची, ती अंगावर आली. "अरे मेल्या, बाईमाणसाला विजार घालून पाठवतात? वरती काय म्हणतील?" मी म्हणालो, "आजी, वरती काय यंत्रं आहेत आणि काय पट्टे आहेत, तुम्ही बघून आलाय का? मी नाही बघून आलो. तिला भीती वाटते. चोळणा राहू द्या." म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनंच नाडीची गाठ सारखी केली, नीट, घट्ट, आणि वरून लुगडं नेसवलं.

त्यामुळे हिचं म्हणून माझ्याकडे काही राहिलं नाही. लुगडी दोन होती, ती भावजयीला दिली. बांगड्या तिच्या हातातच गेल्या. चोळणा तिच्याबरोबर गेला. आमच्यासारख्यांच्या तसबिरी कुणी काढत नाही. तेरावं झाल्यावर मी गिरगावात गेलो. मामा आंघोळ करून बसले होते. हिचा दोरा खिळ्यावर तसाच होता, टोकाला तिच्या जांभळ्या लुगड्याची चिंधी. मामा म्हणाले, "तुमची वाट बघत होतो. माझ्या नखांत जोर राहिला नाही. तुम्ही सोडा." मघाशीच मी आलो तेव्हा ते नखानं बारीक टीप उसवत होते, तरी मी दोरा घेतला. कमरेची गाठ माझी, सुटली. बैठकीची सुटली. मांडीची सुटली. गुडघ्याची सुटेना. नखांनी ओढली, दातांनी ओढली. तुटलेलं सूत जोडायची ती गाठ, सुटू नये म्हणूनच मारतात.

मामांनी बोट लावून बघितलं. म्हणाले, "ही सुटायची नाही. कापावी लागेल." आणि ते कात्री शोधायला लागले. चटईखाली बघितलं, पेटीत बघितलं, इस्त्रीमागं बघितलं. कात्री त्यांच्या मांडीला लागून पडली होती. मला दिसत होती. ते शोधत राहिले, मी बघत राहिलो. शेवटी म्हणाले, "आज काही सापडत नाही, जावई. राहू दे खिळ्यावर. सापडली की बघू."

आता दर महिन्याला एकदा मी लालबागहून गिरगावात चालत जातो. मामांना हल्ली पायसुद्धा नीट दिसत नाहीत, आवाजावर ओळखतात. जिन्याखाली वाकून मी आधी तो दोरा बोटांतून सोडतो. तीन ठिकाणी सुतळी नुसती वाकडी राहिली आहे, चौथ्या ठिकाणी बोट अडतं. मग विचारतो, "मामा, सापडली का कात्री?"

"नाही हो," मामा म्हणतात. "कुठं गेली कोण जाणे." आणि कात्रीवर पंच्याचं टोक ओढतात.